आमचा बर्फफेक्या

आयर्लंडमध्ये बर्फ पडत नाही, असं नवऱ्याने मला लग्नाआधी सांगितलं होतं. ते जवळजवळ खरं होतं. तिथे पाऊस पडतो, पाऊस दमला की भुरभुर पडते आणि भुरभुर दमली की पुन्हा पाऊस. बर्फ म्हणजे चुकूनमाकून येणारा पाहुणा. सकाळी येतो आणि दुपारचा चहा व्हायच्या आत वितळून जातो. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात मात्र तो आला तो मुक्काम ठोकून बसला, आणि त्याच्यापायी मी पुढची दोन वर्षं नीट झोपले नाही.

आम्ही नावन या गावाच्या बाहेर, टेकडीवर राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं ऑफिस चेरीवूडला, म्हणजे डब्लिन ओलांडून पार पलीकडे. अंधारात जायचा, अंधारात यायचा. तो गेला की त्या घरात मी, रेडिओ आणि खिडकीबाहेरच्या गायी. गायी घरमालकांच्या. ते साठी ओलांडलेले, एकटे, लग्न न केलेले शेतकरी. घर त्यांच्या आईचं होतं, ते आम्हाला भाड्याने दिलेलं. ते स्वतः गोठ्यापलीकडच्या घरात राहायचे. तोंडावर आम्ही त्यांना नावानेच हाक मारायचो, कारण तिकडे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात. पण घरात आमच्या तोंडी ते 'काका'च झाले.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. लग्नाआधी भोसरीच्या एका कारखान्यात होते. आम्ही साखर कारखान्यांसाठी स्क्रू कन्व्हेयर बनवायचो. लोखंडी नळीभोवती पत्र्याची वेटोळी बसवलेली असतात. नळी फिरली की माल पुढे सरकतो. साखर, उसाची चिपाडं, राख, जे घालाल ते. शॉपफ्लोअरवर मी एकटीच बाई होते आणि माझा आवाज सगळ्यात मोठा होता. मग लग्न झालं, विमानात बसले आणि पासपोर्टवर शिक्का बसला. त्याचा सरळ अर्थ असा, की ही बाई इथे राहू शकते, नोकरी करू शकत नाही. डिपेंडंट. हा शब्द मी तोवर फक्त गणितात वापरला होता.

मला रिकामं बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पोळ्या झाल्या, भांडी झाली, कपडे वाळत घातले, पावसात भिजले, परत आत आणले, की पुढे काय? मी त्या स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचे. एक दिवस बॉयलर खडखडायला लागला तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी तो ताबडतोब उघडून बसले. काका काही कामाने आले तर त्यांच्या भाडेकरणीच्या मांडीवर बॉयलरचा पंप. ते दारात जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ग्रँड," म्हणजे तिकडचं 'झकास', आणि माझा हात पोहोचत नव्हता तो पाना वाकून उचलून दिला. त्यानंतर त्यांच्या गोठ्यातलं काहीही बिघडलं की ते आमच्या दारावर टकटक करायचे, आणि मी हातातली कणीक तशीच टाकून जायचे.

तर तो बर्फ. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक अरुंद वाट होती. तिकडे अशा वाटेला बोरीन म्हणतात. दोन्ही बाजूंना डोक्याएवढे मातीचे बांध, त्यावर काटेरी झुडपं, मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी जागा. वारा सुटला आणि आजूबाजूच्या शेतांतला सगळा बर्फ त्या वाटेत येऊन पडला. सकाळी बघते तर वाटच नाही. बांधापासून बांधापर्यंत सपाट पांढरं.

काकांकडे स्किड स्टीअर लोडर होता. गोठ्यातलं शेण लोटायला वापरतात तसला, छोटा, चाकं न वळवता जागच्या जागी गरकन फिरणारा. पुढे लोखंडी बकेट. त्याने ते बर्फ उचलायला गेले, पण उचललेला बर्फ टाकणार कुठे? दोन्हीकडे बांध. प्रत्येक बकेट भरून उलट्या पावली अंगणात आणायची, ओतायची, परत जायचं. दिवसभरात वाटेचा जेमतेम एक तुकडा मोकळा झाला, आणि रात्रीच्या वाऱ्याने तोही परत भरला.

दुधाचा टँकर येऊ शकला नाही. गायींना काही वाट बंद आहे हे कळत नाही. त्या दूध देतच होत्या. काकांची टाकी भरली. मग एका सकाळी त्यांनी टाकीचा नळ उघडला आणि दूध अंगणात सोडून दिलं.

आमच्या घरी दूध सांडलं तर आई हातातलं काम टाकून आधी ते पुसायची. दुधावर पाय पडता कामा नये. आणि इथे दूध बर्फावरून गटाराकडे वाहत होतं, आणि काका बूट घालून त्यात उभे होते, कारण दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती. मला रडू आलं आणि राग आला. रागच जास्त. मी बाहेर गेले, हातातल्या डावाने बर्फावर रेघा ओढायला लागले. हा स्क्रू, असा आडवा. डावीकडची वेटोळी उलटी, उजवीकडची सुलटी, म्हणजे दोन्हीकडचा माल मध्ये येतो. मधोमध, मागच्या बाजूला, पंखा. पंख्यावर उभा चूट, म्हणजे पन्हाळीसारखा वाकडा पाइप. बर्फ उचलायचाच नाही, बांधावरून पलीकडे शेतात फेकून द्यायचा. असली यंत्रं थंड देशांत असतात हे मला ऐकून माहीत होतं. आयर्लंडमध्ये कोण विकत घेऊन ठेवणार?

काकांनी रेघा बघितल्या. म्हणाले, मागच्या शेडमध्ये एक मेलेलं कापणी यंत्र पडलंय. आणि गवत फेकायचा एक ब्लोअर.

बर्फ अर्थातच वितळला. वाट मोकळी झाली, टँकर आला, सगळे विसरले. मी नाही विसरले.

ते कापणी यंत्र म्हणजे खजिना निघाला. त्याच्या तोंडाशी पिकाला मध्ये ओढणारा स्क्रू असतो, आणि त्याची वेटोळी अगदी मी रेखाटली तशीच, दोन्हीकडून मध्ये येणारी. मी गंजक्या पत्र्यावर हात फिरवला आणि मला भोसरीचा वास आला. गवताच्या ब्लोअरमधून पंखा आणि चूट मिळाला. एके काळी तो गुरांसाठी कापलेलं गवत ट्रेलरमध्ये उडवायचा. पंखा फिरवायला तेलाच्या दाबावर चालणारी मोटर एका मोडक्या खतपसरणी यंत्राची. लोडरची बकेट काढून तिथे दुसरं अवजार अडकवता येतं. ती अडकवायची पाटी काकांनी जाड पोलादातून कापली. मी मापं काढायची, खडूने आखायचं, त्यांनी वेल्डिंग करायचं. बोलणं फारसं नाही. त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळायचं, माझं त्यांना अर्धं. पण 'अजून एक सूत डावीकडे' हे बोटांनीही सांगता येतं.

नवऱ्याला आधी गंमत वाटली. "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी," तो म्हणाला.

"तुला काय जातंय? तुझ्या भिंतीला नाही ना लावत?"

"अगं पण बर्फच नसतो इथे. काका साठ वर्षं राहतायत, त्यांना लागलं नाही असलं काही."

"त्यांना इंजिनिअर मिळाली नव्हती," मी म्हणाले. तो हसला. मी हसले नाही.

खरं सांगायचं तर प्रश्न दुधाचा राहिलाच नव्हता. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. मी अजून काही चालणारं बनवू शकते का, की ते भोसरीत राहिलं आणि इथे आली ती नुसती एक बायको? हे मी कोणाला बोलले नव्हते. पण रोज सकाळी डोळे उघडले की आधी तेच मनात यायचं, आणि मग मी चहा न घेताच शेडकडे निघायचे.

गणपतीत डब्लिनच्या मराठी मंडळींसाठी मोदक आमच्याकडून जायचे. मी उकड काढायचे आणि नवरा वळायचा. त्याच्या कळ्या माझ्यापेक्षा सुबक यायच्या, हे मी तेव्हाही कबूल केलं नाही. समोर वाटीत तेलपाणी, बोटं बुडवायची, पारी करायची. नखात ग्रीस असल्यामुळे मला त्या वर्षी त्याने पारीला हातच लावू दिला नाही.

खंडेनवमीपर्यंत यंत्र उभं राहिलं. भोसरीत त्या दिवशी लेथला हार घालायचो, मशीन बंद ठेवून पेढे वाटायचो. इथे झेंडू कुठला? बांधावर गॉर्सची पिवळी काटेरी फुलं होती, ती तोडताना हात ओरबाडून निघाले. हळदकुंकू वाहिलं, स्क्रूसमोर नारळ फोडला. काका टोपी काढून उभे होते. पूजा झाल्यावर त्यांनी खिशातून चर्चच्या पवित्र पाण्याची छोटी बाटली काढली आणि चारी बाजूंनी शिंपडलं. आईने ट्रॅक्टरसाठी लावलेली सवय, म्हणाले. नवऱ्याने यंत्राचं नाव ठेवलं, बर्फफेक्या. काकांना ते म्हणता येईना. ते 'फेक्या'वर थांबले.

आता चाचणी. बर्फ नाही तर चाचणी कशी घेणार? माझं डोकं भोसरीच्याच पद्धतीने चाललं. तिथे गिऱ्हाइकाचा माल हाताशी नसला, की तेवढ्याच वजनाचा दुसरा माल घालून स्क्रू चालवून बघायचो. मी आमच्या फ्रीजरच्या भिंतीवरचा बर्फ सुरीने खरवडला, वाटीत भरला, काट्यावर तोलला. मग लाकडाच्या वखारीतून भुसा आणला आणि त्याच वाटीत तेवढंच वजन भरेपर्यंत त्यात पाणी शिंपडलं. आता हसू येतं. पण आयुष्यभर बर्फ म्हटलं की मला दोनच बर्फ माहीत, एक फ्रीजरमधला आणि एक गोळेवाल्याचा. खरा पडला होता तेव्हा मी त्याच्यावर इतकी चिडलेली होते, की हातात घेऊन बघायचंही सुचलं नव्हतं.

भुसा असा उडाला म्हणून सांगू! बांधावरून पलीकडे, पिवळा कमानीसारखा झोत. नवऱ्याची नुकती धुतलेली गाडी पलीकडे उभी होती, तिच्यावर बोटभर थर. काकांनी इंजिन बंद केलं आणि जोरात हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे सगळे दात दिसले. "इट्ल बी ग्रँड," ते म्हणाले.

आणि मग बर्फ पडला नाही.

तो सगळा हिवाळा नुसता पाऊस. रेडिओवर हवामान सांगणारा रोज आनंदाने सांगायचा, की थंडीचा धोका नाही. मला त्याचा गळा धरावासा वाटायचा. दुकानात बायका म्हणायच्या, देवाची कृपा, यंदा बर्फ नाही. मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, पडू दे, एकदाच, भरपूर पडू दे. अख्ख्या काउंटीत बर्फासाठी झुरणारी मी एकटीच असणार. खिडकीबाहेर थर्मामीटर टांगला होता, पोळी लाटता लाटता चार वेळा उठून बघायचे. शेडमध्ये जाऊन ताडपत्री उचलायची, स्क्रू हाताने फिरवायचा, परत झाकायचा. उन्हाळा कसा गेला आठवत नाही. पुढचा हिवाळा लागला. डिसेंबर ओला, जानेवारी ओला. आमची भांडणं व्हायला लागली. कशावरून व्हायची ते सांगण्यासारखं नाही. तो मोजे कुठे टाकतो, मी किती जोरात ताटं ठेवते. एकदा तो म्हणाला, "तुला माझ्यापेक्षा ते भंगार जास्त जवळचं आहे." मी म्हणाले, "ते निदान दिवसा घरी असतं." त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

जानेवारी संपताना भोसरीहून फोन आला. जुने साहेब. नव्या साखर कारखान्याचं मोठं काम आलंय, तुमची जागा रिकामी आहे, या. मी नवऱ्याला सांगितलं, "जाऊन बघून येते." बघून येणं म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. तो म्हणाला, "जा. तू इथे वेडी होशील." रागाने नाही म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

विमानतळावर काकांनी त्यांच्या व्हॅनमधून सोडलं. मागे बसायला जागा नव्हती, म्हणून नवरा चाऱ्याच्या पोत्यावर. उतरताना काका म्हणाले, तुझी पाठ फिरली की पडेल बघ बर्फ, तुझीच वाट बघत थांबलाय तो. चेष्टाच होती. मी हसल्यासारखं केलं.

पुण्यात उन्हं तापायला लागली होती. चार दिवस आईने कौतुक केलं, मग तीही विचारायला लागली, परत कधी? भोसरीत कारखाना तसाच होता. तेच ग्रीस, तोच ग्राइंडरचा आवाज, ओळखीची माणसं. मला वाटलं होतं शॉपफ्लोअरवर पाय टाकला की जिवाला स्वस्थता येईल. आली नाही. मी तिथेही फेऱ्याच मारत होते. साहेबांच्या केबिनमध्ये जेवणाच्या सुट्टीत पगार, कामाचे तास, सगळं बोलून झालं, फक्त मी 'हो' म्हणायचं बाकी होतं. डबा खाऊन साहेब हात धुवायला गेले आणि त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. ऑपरेटर म्हणाली, मॅडम, तुमचा आहे, फॉरेनचा.

"अगं, बर्फ पडलाय!" नवरा ओरडत होता. मागे वारा, इंजिन. "कमरेएवढा! बोरीन पूर्ण भरलीये. टँकर आज यायचाय आणि टाकी कालच भरलीये. काकांनी फेक्या जोडलाय. ते म्हणाले, तिला ऐकव. थांब, फोन तिकडे धरतो."

मी उभी राहिले. कानात आधी लोडरची घरघर आली. मग स्क्रूचा खडखडाट, आणि मग तो आवाज, ज्यासाठी मी दोन हिवाळे थांबले होते. सूंऽऽ करून काहीतरी उडत होतं. उडत होतं! मी एकटी त्या केबिनमध्ये, हातात रिसीव्हर, डोळ्यांत पाणी.

मग आवाज बदलला. सूं गेला. इंजिन जड झालं, कण्हल्यासारखं. मला क्षणात कळलं, चूट तुंबला. "बंद करा!" मी ओरडले. "बंद करायला सांग त्यांना!" पण फोन यंत्राकडे धरलेला, माझं कोण ऐकणार? इंजिन मंद झालं. लांबून काकांचा आवाज, मग नवऱ्याचा. "आय'ल गेट इट," तो म्हणाला.

याच कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत एका फिटरने अडकलेल्या स्क्रूत हात घातला होता. मशीन बंद दिसतं, पण तेलाचा दाब आत कोंडलेला असतो. अडकलेला माल निघाला की पंखा अर्धा फेरा फिरतो, आणि अर्धा फेरा पुरतो. तो फिटर पुढे डाव्या हाताने सही करायला शिकला. आणि माझा नवरा, ज्याने जन्मात पाना धरला नाही, ज्याचं सगळं पोट दहा बोटांवर, तो आता त्या चुटात हात घालणार होता. मी बनवलेल्या चुटात. मी त्याचं नाव घेऊन ओरडत होते, पाच-सहा वेळा, जिवाच्या आकांताने. बाहेरच्या ग्राइंडरमध्ये ते बुडून गेलं.

"हां, बोल," तो शांतपणे म्हणाला. फोन कानाशी आला होता. "अडकलंय जरा. एका हाताने काढतोय, निघतंय—"

"हात काढ."

"अगं कोपरापर्यंत गेलाय, थोडंच—"

"हात बाहेर काढ. आत्ता. हळू. एक शब्द बोलू नकोस."

काहीच ऐकू येईना. नुसता वारा.

"काढला," तो म्हणाला.

"दोन्ही दाखव."

"काय?"

"दोन्ही हात दाखव मला!"

"दाखवले," तो म्हणाला. आणि त्याने खरंच दोन्ही हात वर केले असणार, कारण फोन त्याच्या गालाखांद्यात अडकल्याची खरखर झाली. मग त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गुपचूप ऐकत होता. त्यालाही कळलं होतं.

"आता ऐक. इंजिन पूर्ण बंद. किल्ली तुझ्या खिशात. काकांना म्हणावं लिव्हर दोन-तीनदा पुढेमागे करा, म्हणजे कोंडलेला दाब सुटेल. मग झाडूच्या दांड्याने मोकळं कर. दांडा मोडला तरी चालेल." तसं केलं त्यांनी, मला ठकठक ऐकू येत होती. "आता मला सांग, बर्फ कसा आहे? मुठीत घेऊन सांग."

"ओला आहे. जड. दाबला की गोळा होतोय, हाताला चिकटतोय. अगदी... गार झालेल्या उकडीसारखा."

उकड! मी कपाळावर हात मारला. माझा भुसा बरोबर वजनाचा होता, पण तो चिकटत नव्हता. फ्रीजरचा कोरडा बर्फ खरवडून मी आयर्लंडच्या ओल्या बर्फाचा हिशोब मांडला होता. चुटाचा पत्रा गंजून खडबडीत झालेला, त्याला ही उकड चिकटणारच.

साहेब ओले हात पुसत आत आले आणि समोर बसले. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"उकड हाताला चिकटली की तू काय करतोस?" मी विचारलं.

"तेलपाण्याचा हात!" तो म्हणाला.

"पाणी नको. नुसतं तेल. आधी फडक्याने सगळं कोरडं पूस, मग सढळ हाताने लाव. आतून, कडेपर्यंत, एक जागा सोडू नकोस."

"तेल कुठंय?"

"खालच्या प्रेसमध्ये." तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि तो शब्द आमच्याही तोंडी बसला होता. "अख्खा कॅन आण. आणि बोटाने नाही, फडकं काठीला बांधून लाव."

तो धावत गेला. मध्ये काकांनी फोन घेतला. म्हणाले, सांगितलं होतं ना, तुझीच वाट बघत होता. मी म्हणाले, घास लहान घ्या, लोडर सावकाश, पण पंखा पूर्ण वेगात. त्यांनी ते तसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. त्यांचा श्वास थंडीने तुटत होता.

मग परत इंजिन. परत खडखडाट. सूंऽऽ. मी डोळे मिटून घेतले. आता तुंबेल, आता तुंबेल, असं वाटत होतं. प्रत्येक वेळी आवाज जरा जड झाला की माझी बोटं रिसीव्हरवर आवळायची. पण सूं तुटला नाही. तो हळूहळू लांब जायला लागला. आधी मला वाटलं लाइन खराब झाली. मग कळलं, नवरा फोन धरून अंगणातच उभा होता, आणि यंत्र पुढे चाललं होतं. लांब, आणखी लांब, उताराने, मोठ्या रस्त्याकडे.

"बांधावरून पलीकडे जातोय गं," तो हळू आवाजात म्हणाला. "पांढरी कमान. तू बघायला हवी होतीस."

साहेब समोर तोंड उघडून माझ्याकडे बघत होते. तरी फोन ठेवायला हात होईना. बऱ्याच वेळाने तो आवाज परत जवळ आला, इंजिन थांबलं, आणि काका फोनवर आले. टँकर खाली चौकात उभा होता, वर यायला निघाला, म्हणाले. आणि टेकडीपलीकडचा शेतकरी वाटेच्या तोंडाशी उभं राहून सगळं बघत होता. त्याचीही वाट अशीच, त्याच्याही गायी. तो विचारतोय, त्याला असा एक बनवून मिळेल का? किती दिवस लागतील?

"तीन आठवडे," मी म्हणाले. विचार न करता, भोसरीत गिऱ्हाइकाला सांगायचे तसं. "पण चूट नवा लागेल, गुळगुळीत पत्र्याचा. हा जुनाही मी बदलणार आहे. तोवर कोणी हात लावायचा नाही." परवाना, शिक्का, यातलं काहीही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

फोन ठेवला. साहेबांनी उकडीपासूनचंच बोलणं ऐकलं होतं, आणि पंखा, चूट यांचा त्यात त्यांना मेळ लागत नव्हता. ते हसत म्हणाले, "काय मॅडम, जमले का एकदाचे मोदक?"

"मोदक नाही, साहेब. मशीन."

"मशीन? कोणाचं?"

"माझं," मी म्हणाले, आणि विमानाच्या तिकिटाची चौकशी करायची आहे, फोन अजून एकदा वापरू का, असं त्यांना विचारलं.